मायक्रोफ्लुइडिक चिप म्हणजे काय? एका थेंबात एक प्रयोग!

चिप म्हटलं की आपल्याला मोबाईलचा प्रोसेसर आठवतो. मलाही तोच आठवायचा. पण एक चिप अशीही आहे, जिच्यात वीज नाही तर पाणी खेळतं. तिचं नाव मायक्रोफ्लुइडिक चिप.

ही चिप बनते कशी?

काचेच्या पट्टीवर पारदर्शक सिलिकॉन रबराचा तुकडा आणि त्यात केसाइतक्या बारीक वाटा. गंमत म्हणजे या वाटांचा साचा प्रकाशाने नक्षी उमटवून तयार करतात. प्रोसेसर बनवतानाही हीच युक्ती वापरतात.

एवढं बारीक कशाला?

समजा, कॅन्सरच्या गाठीचा तुकडा तपासायचा आहे. जुन्या पद्धतीत सगळ्या पेशी एकत्र फोडून आरएनए काढतात. म्हणजे मिक्सरमधली चटणी! तिखट लागते, पण कोणत्या मिरचीमुळे ते कळत नाही. हाती येते ती सरासरी. औषधाला दाद न देणाऱ्या मोजक्या पेशी त्यात हरवून जातात. आजार उलटण्यामागे अनेकदा अशाच पेशी असतात.

मग चिप काय करते?

बारीक वाटेतल्या पाण्याला दोन्ही बाजूंनी तेल दाबतं आणि त्याचे एकसारखे थेंब तुटत जातात, सेकंदाला हजारो! एक थेंब साधारण एक नॅनोलिटरचा, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये असे दहा लाख मावतील. थेंबात एक पेशी आणि डीएनएचा बारकोड लावलेला एक सूक्ष्म मणी एकत्र येतात. पेशी तिथेच फुटते, तिचा आरएनए मण्याला चिकटतो. नंतर सगळे मणी एकत्र केले तरी हरकत नाही. कोणता आरएनए कोणत्या पेशीचा, हे पार्सलसारखं बारकोडवरून कळतं.

या पद्धतीला 'ड्रॉप-सेक' म्हणतात. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ती वापरून उंदराच्या डोळ्याच्या पडद्यातल्या ४४,८०८ पेशी तपासल्या आणि त्यांचे ३९ गट वेगळे केले.

अडचणी आहेत का?

आहेत ना! एका थेंबात दोन पेशी शिरल्या की हिशोब चुकतो. म्हणून पेशींचं द्रावण मुद्दाम पातळ ठेवतात, आणि मग बहुतेक थेंब रिकामेच जातात. धुळीचा एखादा कणही वाट तुंबवू शकतो. आणि चिप छोटी असली तरी सोबत पंप आणि मायक्रोस्कोप लागतातच.

आता मी 'पेशी तपासल्या' अशी बातमी वाचली की आधी एकच गोष्ट शोधतो: सगळ्या मिळून तपासल्या, की एकेक करून? तुम्हीही शोधून बघा.