कातळावरचा हत्ती व संगणकांतला सूर्य

आम्ही ऊर्जानगरचे रहिवासी. भोंवतीं कोळशाच्या खाणी व वीजकेंद्राच्या उंच चिमण्या. त्यामुळें जमीन म्हणजे पोटांतलें कांहीं तरी काढून घेण्याची वस्तु, अशीच आमची समजूत होऊन बसली होती. गेल्या सुटींत राजापूरकडील आप्तांकडे सहकुटुंब जाणें झालें, आणि त्यांनीं आम्हांस कशेळीचा सडा दाखविला.

या उघड्या सड्यावर जांभ्या दगडांत प्राचीन मानवानें एक हत्ती कोरला आहे. लांबी सुमारें १८ मीटर. आणि त्याच्या देहरेषेच्या आंत दुसऱ्या कितीतरी पशूंच्या व जलचरांच्या आकृति. आम्ही पोंचलों भर दुपारीं. हत्तीच्या कांठाशीं उभे राहून आम्ही "हत्ती कोठें आहे?" म्हणून विचारीत होतों! सायंकाळीं ऊन तिरपें झालें, उथळ रेषांत सावली भरली, तेव्हां कोठें गजराज प्रकट झाले.

हें तिरपें ऊन संशोधकांस आतां हवें तेव्हां मिळतें, तें डिजिटल स्कॅनिंगमुळें. ड्रोनवरून व जमिनीवरून एकमेकांवर चढणारीं शेंकडों छायाचित्रें घेतात. दोन डोळ्यांमुळें आपणांस जसें अंतर कळतें, तशी या चित्रांवरून संगणक प्रत्येक बिंदूची उंची-खोली काढतो. दुसऱ्या रीतींत लेसरचा किरण दगडावरून परत येतो, त्यावरून अंतर मोजतात. मग त्या आकृतीवर संगणकांतला सूर्य वाटेल त्या दिशेस मावळवावा! झिजलेली रेषा उठून दिसते; कोणती रेषा कोणतीस छेदून गेली, म्हणजे मागाहून कोरली, याचाही पुष्कळदां उलगडा होतो. दगडास हात म्हणून लागत नाहीं.

मात्र यंत्राच्या आधीं पाय झिजवावे लागले. रत्नागिरीचे श्री. सुधीर रिसबूड, श्री. धनंजय मराठे व डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनीं गांवोगांव हिंडून, गांवकऱ्यांस विचारून अशीं पुष्कळ शिल्पें उजेडांत आणलीं. २०२२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत कोंकणपट्टींतील नऊ स्थळें गेलीं. आठ महाराष्ट्रांतील, एक गोव्यांतील. तीं कोरलीं केव्हां, हें स्कॅनिंग सांगत नाहीं. तें रेषेचें रूप देतें, वय नव्हे. कोंकणांत आज नसलेल्या गेंड्याची आकृति सड्यांवर आढळते, तीच त्याबाबत अधिक बोलते.

आम्हांस काळजी वाटते ती दुसरीच. हाच जांभा घरांच्या चिऱ्यांसाठीं खणला जातो. बारसूच्या सड्यावर २०२३ सालीं तेलशुद्धीकरण कारखान्यासाठीं जमिनीची तपासणी सुरू झाली, तेव्हां तेथील कातळशिल्पांचें काय होणार, हा प्रश्न गाजला. विजेच्या कारखान्यावर ज्यांचें पोट, त्या आम्हीं कारखान्यांस नांवें ठेवणें शोभत नाहीं, हें आम्ही जाणतों. पण आमच्या पुतण्यानें "सगळें संगणकांत उतरलें आहे ना, मग दगड गेला तर काय?" असें विचारतांच आमचे काका म्हणाले, "तुझ्या आजीचा फोटो भिंतीवर आहे; म्हणून आजी घरांत नसली तरी चालेल काय रे?"

आजचें माप पुढें पुन्हां घेतलेल्या मापाशीं ताडलें, तर पावसानें व पावलांनीं रेषा किती खाल्ली तें मिलिमीटरांत कळेल. त्यासाठीं तरी दगड जागेवर हवा.

कशेळीस जाणारांनीं भर दुपार टाळावी, सकाळची किंवा सायंकाळची घटका साधावी. रेषांत खडू भरून छायाचित्र घेण्याची हौस मात्र घरींच ठेवावी.