माल कोण उचलतंय?

जुना झाला म्हणून कोपऱ्यात टाकलेला कॉम्प्युटर माझ्याकडे आला की मी आधी एकच गोष्ट बघतो: त्यातला माल कोण उचलतंय. मुखेडला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं ते निकाल घेऊनच येतं. "लई हळू चालूलालंय बघा, आता नवंच घ्यावं लागतंय." झेरॉक्सवाला असो की ऑनलाइन फॉर्म भरून देणारा पोरगा, त्याच्या दृष्टीनं नवं यंत्र म्हणजे हंगामाची कमाई. म्हणून हा विषय साध्या माणसाला कळेल असा सांगायची माझी फार दिवसांची इच्छा आहे.

मोंढ्यात सोयाबीनची गाडी लागली की आडत्या स्वतः पोती उचलत नाही. हमालाला सांगतो, या गाडीतून, त्या गोदामात, इतकी पोती. आणि आपण पुढच्या सौद्याला लागतो. माल उतरला की हमाल येऊन तसं सांगतो. कॉम्प्युटरात प्रोसेसर हा आडत्या. हार्ड डिस्कवरची माहिती मेमरीत आणायची असली की तो ते काम दुसऱ्या सर्किटवर सोपवतो आणि त्याला तेवढ्याच गोष्टी कळवतो: कुठून, कुठे, किती. काम संपलं की ते सर्किट प्रोसेसरला इशारा देतं, त्याला इंटरप्ट म्हणतात. या सगळ्या व्यवस्थेचं नाव डायरेक्ट मेमरी ॲक्सेस. आमच्या धंद्यात सरळ डीएमए म्हणतात.

हमालच नसला तर पोती आडत्यानं वाहायची. त्या पद्धतीला पीआयओ म्हणतात. चपट्या केबलच्या जुन्या आयडीई डिस्कवर पीआयओमध्ये प्रोसेसर एका खेपेला दोन बाइट उचलतो. चार एमबीचा एक फोटो उघडायचा तर वीस लाखांहून जास्त खेपा झाल्या. एवढ्या वेळात माउसचा बाण अडखळतो, गाणं तुटतं, टाइप केलेली अक्षरं उशिरा उमटतात. वेगातला फरकही मोठा आहे. पीआयओचा चौथा मोड कागदावर सेकंदाला १६.६ एमबी देतो, तर अल्ट्रा डीएमएचा पाचवा मोड १०० एमबी.

२००१ च्या सुमारास एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स सुरू झाला आणि तालुक्यातालुक्यात कॉम्प्युटर सेंटरं उभी राहिली. विंडोज एक्सपीही त्याच वर्षीची. पुढची कितीतरी वर्षं आमच्या भागात हीच जोडी चालली, आणि डीएमएचा सगळ्यात जास्त छळ मी याच यंत्रांवर पाहिला. एक्सपीचा एक नियम होता. डिस्कशी बोलताना डेटा बिघडून आला किंवा उत्तर वेळेत आलं नाही, की ती चूक मोजायची. अशा चुका एकूण सहापेक्षा जास्त झाल्या की वेग एक पायरी उतरवायचा. पुन्हा तसंच झालं की आणखी एक पायरी, आणि शेवटी थेट पीआयओ. हेतू चांगला होता: वेग गेला तरी चालेल, माहिती वाचली पाहिजे. पण चुकांची बेरीज महिनोन्‌महिने साठत राहायची आणि वेग उतरवल्याचं पडद्यावर कुठं दिसायचं नाही. सेंटरातल्या सीडी ड्राइव्हला ओरखडे पडलेल्या सीडी वाचायला लावल्या की तो ड्राइव्ह याच वाटेनं पीआयओवर जाऊन बसायचा.

तपासणी मी अशी करायचो. टास्क मॅनेजर उघडायचा, परफॉर्मन्सच्या पानावर जाऊन 'शो कर्नल टाइम्स' चालू करायचं आणि एखादी मोठी फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात कॉपी करायला लावायची. हिरव्या रेषेसोबत लाल रेष जवळजवळ तेवढीच वर चढली, म्हणजे प्रोसेसर कुठल्या प्रोग्रॅमचं काम करत नाहीये, पोती वाहतोय. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनलची ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडायची. वरच्या चौकटीत 'डीएमए इफ अव्हेलेबल' असंच निवडलेलं असतं, सगळं ठीक वाटतं. आणि खाली 'करंट ट्रान्स्फर मोड' समोर लिहिलेलं असतं: पीआयओ मोड. मागितलं एक आणि मिळतंय दुसरं. इलाज सोपा होता. तो चॅनल अनइन्स्टॉल करून यंत्र पुन्हा सुरू करायचं; विंडोज चॅनल नव्यानं ओळखतं आणि चुकांची पाटी कोरी होते.

पण मूळ कारण तसंच ठेवलं तर तेच यंत्र पुन्हा दुकानात यायचं. कारण बहुतेक वेळा केबलीत सापडायचं. अल्ट्रा डीएमए ६६ पासून पुढच्या वेगांना ८० तारांची केबल लागते. टोकाला पिना ४० च असतात. वाढीव ४० तारा सिग्नलच्या दर दोन तारांच्या मध्ये जमिनीची तार म्हणून टाकलेल्या, शेजारच्या तारेची गडबड अडवायला. निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मुख्य डिस्कला, मधलं करडं दुसऱ्या डिस्कला. लांबी १८ इंचांपुढे नको. डबा उघडला की काय दिसायचं? केबल दुमडून, चुरगाळून, वायरच्या तुकड्यानं आवळून बांधलेली, वर मार्च-एप्रिलच्या धुळीचा थर. केबल बदलली, धूळ झटकली, मोड परत आणला, की फेकायला काढलेलं यंत्र पुढं वर्षानुवर्षं चालायचं. नांदेडला जाऊन नवं घ्या, हा सल्ला त्याआधी देणं मला पटत नाही.

त्याआधीच्या पिढीत तर हमालच मोजके होते. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत इंटेलची ८२३७ ही चिप होती, तिचे चार चॅनल. एक मेमरी ताजी ठेवण्यात गुंतलेला, एक फ्लॉपीला, पुढं एक हार्ड डिस्कला. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये दोन चिपा एकमेकींना जोडल्या, तेव्हा वापरायला सात चॅनल मिळाले. नव्वदच्या दशकात साउंड कार्ड बसवणं म्हणजे याच चॅनलांची वाटणी करणं होतं. साउंड ब्लास्टर सहसा एक नंबर मागायचं, ईसीपी मोडवरचा प्रिंटर पोर्ट बऱ्याचदा तीन नंबर. दोघांना एकच चॅनल दिला की दोन्हींपैकी एक अडकायचंच. मग कार्डावरचा इवलासा जंपर चिमट्यानं काढून शेजारच्या पिनांवर घालायचा. शिवाय या चिपेला पहिल्या १६ एमबीपलीकडची मेमरी दिसतच नव्हती. गंमत म्हणजे त्याच एटीमध्ये हार्ड डिस्कचा माल प्रोसेसरच वाहायचा, कारण तिथं तो डीएमए चिपेपेक्षा चपळ ठरायचा. म्हणजे डीएमए लावला की वेग वाढलाच, असं समजू नये. हमाल प्रोसेसरपेक्षा मंद असेल तर उपयोग काय?

माल वाहायला वेगळा हमाल ठेवायच्या या तत्त्वाचं मोठं काम महाराष्ट्रात झालं आहे. पुण्याच्या सी-डॅकनं विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्यात इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर वापरले होते. त्या प्रत्येक चिपेला बाहेर बोलायला चार दुवे, आणि प्रत्येक दुवा स्वतःच मेमरीत माहिती ठेवायचा आणि उचलायचा. चिपेचं गणित तेवढ्यात चालूच. अनेक चिपा एकत्र राबवायच्या तर प्रत्येकीनं शेजारणीचा माल हातानं वाहून चालणार नव्हतं.

आता हमाल कमी नाहीत. पीसीआय जोडणी आल्यापासून डिस्क कंट्रोलर सहसा आपला माल आपण वाहतो. आयडीईनंतर आलेल्या साटा डिस्कला एएचसीआय पद्धतीत एका वेळी ३२ हुकूम देता येतात. एनव्हीएमई एसएसडीला हुकमांच्या हजारो रांगा करता येतात. चणचण आहे ती जागेची. डीएमएसाठी राखलेली मेमरी ऑपरेटिंग सिस्टीम तेवढा वेळ जागची हलवू शकत नाही, दुसऱ्याला देऊ शकत नाही. कमी राखली तर डिस्कची कामं तुकड्यांत होतात किंवा खोळंबतात. जास्त राखली तर बाकीचे प्रोग्रॅम उपाशी. मोठ्या सर्व्हरवर ही जुळवाजुळव रोजची. आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीत फायबर चॅनल कार्डाला एका खेपेची कमाल मर्यादा ठरवता येते. ती १ एमबीवरून २ एमबी केली की कार्डाच्या डीएमएसाठी राखलेली मेमरी १६ एमबीवरून १२८ एमबीवर जाते. खेप दुप्पट, राखीव जागा आठपट. बदल करणाऱ्यानं हा हिशेब आधी मांडलेला बरा.

हाच प्रश्न आता साध्या लॅपटॉपातही आला आहे. स्वस्त एनव्हीएमई एसएसडीत स्वतःची वेगळी मेमरी नसते. आपल्याकडचा माल कुठं ठेवलाय याची यादी ठेवायला ती कॉम्प्युटरच्या रॅममधून थोडी जागा उसनी मागते आणि डीएमएनं तिथं ये-जा करते. याला होस्ट मेमरी बफर म्हणतात. विंडोज बरीच वर्षं ६४ एमबीपर्यंतच जागा द्यायची. २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली आणि वेस्टर्न डिजिटलच्या काही २ टीबी एसएसडींना त्यांनी मागितलेली पूर्ण २०० एमबी मिळाली. मागणी पुरी झाली आणि नेमके तेच कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून कोसळायला लागले. कंपनीनं एसएसडीचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतला प्रोग्रॅम, दुरुस्त करून दिलं. तोवर लोकांनी रजिस्ट्रीत आकडा बदलून ही जागा पुन्हा ६४ वर आणून काम भागवलं. जास्त दिलं की चांगलंच होतं, या समजुतीला याहून ठळक उत्तर मला सापडलेलं नाही.

माझ्या गिऱ्हाइकांसाठी यातून दोन कामाच्या गोष्टी. जुन्या यंत्रात साटा एसएसडी बसवताना बायोसमध्ये डिस्कची पद्धत 'आयडीई' वर आहे का, ते विंडोज टाकण्याआधी बघा आणि 'एएचसीआय' करा. आयडीईवर डीएमए चालतो, पण त्या ३२ हुकमांची रांग मिळत नाही. विंडोज टाकल्यावर हीच सेटिंग आंधळेपणानं बदलली तर यंत्र सुरूच होणार नाही, ते काम सेफ मोडमधून करावं लागतं. आणि एनव्हीएमई घेतली असेल तर विंडोजचं मोठं अपडेट चढवण्याआधी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून तिचं फर्मवेअर तपासून घ्या. त्याला इंटरनेट आणि थोडा वेळ लागतो, पैसे लागत नाहीत.