अंडी तळणारी म्हातारी

मोठी चित्रे राजेराण्यांची, देवदूतांची, साधुसंतांची असतात, असा आपला सर्वसाधारण समज असतो. सतराव्या शतकातील स्पेनमध्येही तो होता. पण १६१८ साली सेव्हिल शहरात दिएगो वेलास्केथने एक मीटर उंचीच्या कापडावर अंडी तळणारी म्हातारी रंगवली. तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता. आपल्या वर्गातील बाकावर शोभेल अशा वयाचा!

चित्राची पार्श्वभूमी काळोखी आहे. डावीकडून आलेला उजेड म्हातारीच्या डोक्यावरील पांढऱ्या वस्त्रावर पडला आहे. तिच्या एका हातात लाकडी चमचा, दुसऱ्यात अंडे. शेगडीवरील मातीच्या भांड्यात अंड्यातील पांढरा भाग नुकताच घट्ट होऊ लागला आहे. शेजारी एक पोरगा काखेत खरबूज आणि हातात काचेची बुधली घेऊन उभा आहे. पुढे पितळी खलबत्ता, कांदा, मिरच्या आणि वाडग्यावर आडवी ठेवलेली सुरी. त्या सुरीची सावली वाडग्याच्या खोलगट आकाराप्रमाणे वाकली आहे. पितळ, काच, खापर प्रत्येकाची चमक वेगळी. एवढे बारकाईने पाहण्यासाठी त्या स्वयंपाकघराविषयी मनात आदरच हवा.

स्पेनमध्ये अशा चित्रांना ‘बोदेगोन’ म्हणत. मूळ अर्थ साधी खाणावळ. या विषयांना हलके मानणारे जाणकार पुष्कळ होते. वेलास्केथचा गुरू आणि सासरा फ्रान्सिस्को पाचेको याने मात्र १६४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जावयाच्या अशा चित्रांची बाजू घेतली.

या चित्रात गरिबीची थट्टा नाही, तशीच कीवही नाही. म्हातारी कुणाकडे दयेची याचना करीत नाही. ती आपल्या कामात आहे. ज्यांच्या घरात पुस्तकाआधी चूल होती, अशा आम्हा विद्यार्थ्यांना कला ही परक्या अंगणातली वस्तू वाटते. आपल्या आजीच्या हातांत चित्रात येण्याजोगे काय आहे, असे आम्ही सहज म्हणून जातो. ते काय आहे, हे या चित्रात दिसते.

१६२३ साली वेलास्केथ राजा चौथ्या फिलिपचा दरबारी चित्रकार झाला. पुढे त्याने राजाला अनेकदा रंगवले. पण त्याची नजर त्याआधीच या शेगडीपाशी तयार झाली होती. आज हे चित्र एडिंबरो येथील राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहे.