आधी सोय, मग वाटणी

लेखमाला : उतारवयाची व्यवस्था (भाग पाचवा)

मागच्या भागात घरातल्या घरात शुश्रूषा कुठवर निभावते, हे आपण पाहिले. माणूस अंथरुणाला खिळला, रात्री दोन-तीनदा उठवावे लागू लागले, विसरभोळेपणातून दार उघडून बाहेर जाणे सुरू झाले, की घरचे हात अपुरे पडतात. मग शुश्रूषेची सोय असलेल्या वृद्धाश्रमाचा किंवा केअर सेंटरचा विचार करावा लागतो. जागा कशी निवडायची आणि तिचे पैसे कुठून उभे करायचे, हे या भागात पाहू.

विषय नीट कळावा म्हणून बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या काटेवाडीतले एक घर कल्पून घेऊ. घरात ऐंशीच्या पुढची चुलती आहे. नवरा वारला, मूलबाळ नाही. एकुलता दीरही गेला. त्याची तीन मुले : थोरला पुतण्या गावात शेती पाहतो, धाकटा पुण्यात नोकरीला, पुतणी भवानीनगरला दिलेली. चुलती न्हाणीत पडली, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, पण ती पुन्हा आधाराशिवाय चालू शकली नाही. आता तिचे सारे थोरल्याची बायको करते. पहाटेच्या धारा, शेतावरची मजुरांची न्याहारी आणि रात्रीची जागरणे यांत ती खंगत चालली आहे. नावे वेगळी असतील, पण असे घर या पट्ट्यातल्या बहुतेक वाचकांच्या ओळखीचे असेल.

खर्च कुणाचा?

आई-वडिलांचा खर्च मुलांचा, हे सगळ्यांना ठाऊक असते. चुलती, आत्या, मावशी यांच्या बाबतीत मात्र घराघरांत कुजबुज सुरू होते. त्यावर कायद्याने स्पष्ट उत्तर दिले आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ नुसार ज्या ज्येष्ठ व्यक्तीला मूल नाही, तिची मालमत्ता ज्या सज्ञान वारसाच्या ताब्यात आहे किंवा तिच्या पश्चात ज्याच्याकडे जाणार आहे, त्याची ऐपत असेल तर तिला सांभाळणे हे त्याचे कर्तव्य आहे. असे वारस एकाहून अधिक असतील, तर ज्याला जेवढा हिस्सा मिळणार, त्या प्रमाणात त्याने भार उचलायचा.

वारस कोण, हे हिंदू वारसा कायदा सांगतो. निपुत्रिक विधवेला नवऱ्याकडून आलेली जमीन नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आई-वडिलांकडून वारशाने आलेली जमीन तिच्या वडिलांच्या वारसांकडे. आपल्या उदाहरणातली तीन एकर नवऱ्याकडून आली आहे, म्हणून दोन पुतणे आणि पुतणी असे तिघे सारखे वारस ठरतात. म्हणजे खर्चाचा भारही तिघांवर सारखा. पुतणीला लग्नात दिले म्हणून ती हक्कातून सुटत नाही, तशी जबाबदारीतूनही सुटत नाही.

एक मात्र आवर्जून लक्षात ठेवावे. खर्चाची पहिली मानकरी चुलतीची स्वतःची मालमत्ताच आहे. ती जमीन तिच्या आयुष्यासाठी आहे. पुतण्यांना मिळायची ती उरलेली. हा क्रम उलटला, की तिच्या औषधाचा प्रत्येक रुपया कुणाच्या तरी हिश्श्यातून गेल्यासारखा वाटू लागतो आणि तिच्याविषयीचा जिव्हाळा आटतो.

उसाचा पैसा आणि महिन्याचे बिल

या भागाची खरी अडचण पैशाच्या वेळापत्रकात आहे. वृद्धाश्रमाचे बिल दर महिन्याला येते. उसाचा पैसा हंगामात येतो. ऊस गाळपाला गेल्यावर १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावेत, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. त्यानंतरचे हप्ते कारखान्याच्या हिशेबाप्रमाणे, बहुधा सणासुदीला. मधले महिने सोसायटीच्या कर्जावर आणि दुधाच्या पगारावर निघतात.

समजा, महिन्याचे शुल्क २०,००० रुपये आहे. आडसाली ऊस एकरी ५० टन निघाला आणि टनाला ३,००० रुपये मिळाले, तर एकराचे दीड लाख झाले. नांगरट, बेणे, खते, पाणी, मजुरी वजा जाता निम्मे, म्हणजे ७५,००० रुपये हातात राहिले, असे धरू. आडसाली लागणीपासून तोडीपर्यंत साधारण दीड वर्ष जाते. म्हणजे एका एकराचे महिन्याला सुमारे ४,१६० रुपये, तीन एकरांचे सुमारे १२,५००. बिलाला ७,५०० रुपये कमी पडतात. ते तिघांत वाटले, तर प्रत्येकी २,५००. हा आकडा कागदावर आला, की ‘आम्ही कुठून भरायचे’ या काळजीची धार कमी होते, कारण तिला माप मिळते. जो पुतण्या शेत कसतो, त्याच्या श्रमाचा मोबदला या हिशेबात आधीच धरावा. नाहीतर त्याच्यावर अन्याय होतो आणि व्यवस्था वर्षभरात मोडते.

उसाचा हप्ता आला, की त्यातले किमान सहा महिन्यांचे शुल्क चुलतीच्या खात्यात वेगळे काढून ठेवावे. त्या खात्याला घरच्या इतर खर्चाने हात लावायचा नाही.

संत तुकाराम महाराज पालखी महामार्गासाठी या पट्ट्यातल्या अनेक कुटुंबांची जमीन गेली आणि मोबदल्याची रक्कम हाती आली. अशी रक्कम ज्येष्ठाच्या नावाची असेल, तर ती आधी त्याच्यासाठीच गुंतवावी. पोस्टातल्या किंवा बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीपुढची व्यक्ती ३० लाखांपर्यंत ठेवू शकते. ८.२ टक्के दराने ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज मिळते, म्हणजे महिन्याला २०,५००. आजचे बिल भागते. पण शुल्क दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढले, तर ते नऊ वर्षांत दुप्पट होते आणि व्याज तेवढेच राहते. म्हणून पहिल्या दिवसापासून पाच वर्षांपुढचे बिल धरून हिशेब करावा.

घरावर उलटे कर्ज, म्हणजे रिव्हर्स मॉर्गेज, हा पर्याय शहरात सुचवला जातो. इथे त्याचा फारसा उपयोग नाही. ते राहत्या घरावर मिळते, शेतजमिनीवर नाही. शिवाय ज्येष्ठ व्यक्ती घर कायमचे सोडून गेली, की ते कर्ज फेडावे लागते. घर सोडून केअर सेंटरमध्ये राहायला जाणाऱ्यासाठी ती सोय नव्हे.

आरोग्य विम्याबद्दलही गैरसमज आहे. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला २०२४ पासून आयुष्मान भारतचे वय वंदना कार्ड मिळते आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी. रोज आंघोळ घालणारी, भरवणारी, कूस बदलणारी माणसे त्यात येत नाहीत. जपानने यासाठी २००० साली स्वतंत्र शुश्रूषा विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येक जण त्याचा हप्ता भरतो आणि गरज पडल्यावर खर्चाचा थोडाच भाग स्वतः देतो. आपल्याकडे तशी व्यवस्था उभी राहीपर्यंत हा खर्च कुटुंबालाच आखावा लागणार.

जमीन नावावर करण्याआधी

चुलती थकली, की ‘जिवंतपणी नावावर करून टाक, पुढे भांडणे नकोत’ असा आग्रह सुरू होतो. सहीच्या दिवशी सगळे गोड बोलतात. बक्षीसपत्र झाले, सात-बारावर फेरफार पडला, की तिच्या हातात काही उरत नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे : आधी सोय, मग वाटणी.

तिची इच्छा मृत्युपत्रात लिहावी. ते तिच्या मृत्यूनंतर लागू होते आणि हयातीत तिला कितीदाही बदलता येते. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर ‘घेणाऱ्याने तिच्या राहण्या-जेवण्याचा, औषधोपचाराचा व शुश्रूषेचा खर्च आयुष्यभर करावा’ अशी अट त्यातच लिहून घ्यावी. २००७ च्या कायद्याचे कलम २३ या अटीचा भंग झाल्यास हस्तांतरण रद्द करून घेण्याचा हक्क देते. अट असल्याचे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात म्हटले. २०२५ च्या ऊर्मिला दीक्षित प्रकरणात या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा, असे सांगितले. तरीही कोर्टाच्या उदारपणावर विसंबू नये. एक ओळ लिहून घेणे सोपे आहे.

दुसरी काळजी स्मृतीची. अनेक घरांत मुखत्यारपत्रावर सारे व्यवहार चालतात. पण ते देणाऱ्याची समज गेली, की साधे मुखत्यारपत्र कायद्याने संपते. तेव्हा बँकेचे संयुक्त खाते, वारसनोंद, विमा, मृत्युपत्र ही कामे ती सगळ्यांना ओळखते आहे, तोवर उरकावीत.

जागा बघायला जाताना

जाहिरातीतली बाग आणि देऊळ पाहून निर्णय घेऊ नये. आधी गरज लिहून काढा. तिला स्वतः जेवता येते का? शौचाला कोण नेते? रात्री किती वेळा उठवावे लागते? इन्सुलिन, कॅथेटर आहे का? ही यादी घेऊन गेलात, तर व्यवस्थापकाला गोलमोल उत्तर देता येत नाही.

एकदा वेळ ठरवून जा, एकदा न सांगता जा, आणि तेही संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी. दिवसा सगळीकडे माणसे असतात. रात्री किती अटेंडंट किती जणांसाठी असतात, हे विचारा. खाटेला खिळलेल्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. ते काम कोण करते आणि त्याची नोंद कुठे ठेवतात, ती वही पाहा. न्हाणीघरात आधाराच्या दांड्या, कमोड, न घसरणारी फरशी आहे का ते पाहा. व्हीलचेअर दारातून आत जाते का, ते प्रत्यक्ष ढकलून पाहा. खोलीत लघवीचा वास कोंडलेला असेल, तर तिथून परत या.

महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना मार्गदर्शक सूचना लागू केल्या. त्या बांधकामाच्या आहेत : लिफ्ट, रुंद दारे, व्हीलचेअरचे उतार. रोजची शुश्रूषा कशी व्हावी, हे त्या ठरवत नाहीत. त्यामुळे तुमचे डोळे आणि तुमचा करार हीच खरी तपासणी.

काटेवाडीच्या माणसाने बारामतीजवळ पाहावे की पुण्यात? पुण्यात पर्याय जास्त आणि विसरभोळेपणाच्या रुग्णांसाठी खास जागाही आहेत. पण ज्या ज्येष्ठाला भेटायला कुणी ना कुणी सारखे येते, त्याच्याकडे कर्मचाऱ्यांचेही लक्ष राहते. आठवड्याला जाता येईल अशी साधी जागा, वर्षातून दोनदा जाता येईल अशा चकचकीत जागेपेक्षा बरी.

आणि ती जागा चुलतीला दाखवा. ‘दवाखान्यात नेतो’ म्हणून नेऊन सोडणे हा विश्वासघात आहे. महिनाभर राहून पाहण्याची सोय मागा. तिने नको म्हटले, तर का नको, ते ऐका.

करारात काय हवे

महिन्याच्या शुल्कात काय धरले आहे, हे शब्दांत लिहून घ्या : डायपर, औषधे, डॉक्टरांची भेट, फिजिओथेरपी, स्वतंत्र अटेंडंट. यांतले बरेच वेगळे आकारले जाते आणि २०,००० चे बिल फुगते. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, दरवाढ किती आणि केव्हा, रुग्णालयात असतानाच्या दिवसांचे शुल्क लागणार का, प्रकृती अधिक ढासळली तर ठेवून घेणार की न्या म्हणणार, मध्यरात्री त्रास झाला तर कुठल्या रुग्णालयात आणि कुणाच्या गाडीतून नेणार, हे सारे त्यात हवे.

वस्तू व सेवा कराचे एक कलमही पाहा. धर्मादाय म्हणून प्राप्तिकर खात्याकडे नोंदणी असलेल्या संस्थेने साठीपुढच्यांसाठी चालवलेल्या वृद्धाश्रमात राहणे, जेवण आणि देखभाल धरून महिन्याचे शुल्क २५,००० रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर हा कर लागत नाही. अशा संस्थेने तो लावला असेल, तर विचारा.

ऐपतच नसेल तर

जमीन नाही, वारसही हातावर पोट असलेले, अशा ज्येष्ठांसाठी अनुदानित वृद्धाश्रम आणि १९९५ पासूनची मातोश्री वृद्धाश्रम योजना आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. पासष्टीपुढच्या आणि वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असलेल्यांना श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात, अर्ज तहसीलमध्ये. ऐपत असून वारस टाळत असतील, तर प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. कायद्यात महिन्याला १०,००० रुपयांपर्यंतच्या निर्वाहखर्चाची तरतूद आहे आणि निकाल ९० दिवसांत देणे अपेक्षित आहे. कुठे जावे हेच कळत नसेल, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

यंदा आषाढवारीत तुकोबांची पालखी काटेवाडीत येईल, धोतरांच्या पायघड्या पडतील, मेंढ्यांचे रिंगण होईल. त्या दिवशी पुण्याचे, भवानीनगरचे सगळे गावात असतात. रिंगण झाले, की तासभर एकत्र बसा. चुलतीला मधोमध बसवा, तिला काय हवे ते आधी विचारा, मग वही काढून महिन्याचा हिशेब मांडा आणि सगळ्यांनी त्यावर सही करा. तिच्या जमिनीचे काय करायचे, ही चर्चा त्यानंतर.

पुढील भागात : विसरभोळेपणा आणि डिमेन्शिया. घरच्यांनी केव्हा सावध व्हावे आणि तपासणी कुठे करावी.