‘फॉर्म’ आणि ‘फर्मा’ : एका इंग्रजी शब्दाचे मराठीतील अर्थविभाजन

नारायण पेठेतील एखाद्या बाइंडरकडे पुस्तकाची चौकशी केली, तर तो बहुधा पृष्ठसंख्या सांगत नाही. ‘बारा फर्म्यांचे आहे’ असे सांगतो. सोळा पृष्ठांचा फर्मा धरला, तर ते पुस्तक १९२ पृष्ठांचे. हा ‘फर्मा’ इंग्रजीतून आला असो वा पोर्तुगीजांकडून, त्याचे कुळ लॅटिन ‘फोर्मा’ हेच. इंग्रजी मुद्रणव्यवहारात ‘फॉर्म’ म्हणजे जुळाऱ्याने जुळवलेली, चौकटीत आवळलेली खिळ्यांची पाने. मराठीत हा अर्थ खिळ्यांवरून छापील कागदाकडे आणि पुढे त्याच्या घडीकडे सरकला. खिळे गेले, फर्मा मात्र राहिला.

याच शब्दाची दुसरी शाखा ‘फॉर्म भरणे’ ही होय. ग्रामीण बोलीत तिचे ‘फारम’ झाले. तिसरी क्रीडांगणावरची : फलंदाज ‘फॉर्मात’ असतो. या फॉर्मला अनेकवचन नाही, आणि तो ‘भरता’ येत नाही. फर्म्याचे अनेकवचन ‘फर्मे’ होते, सामान्यरूपही अस्सल मराठी वळणाचे होते. म्हणजे इंग्रजीतील अनेकार्थी शब्द मराठीत अखंड आला नाही. त्याचा एकेक अर्थ वेगळ्या व्यवहारातून, वेगळ्या तोंडाने आला, आणि प्रत्येकाने आपापले व्याकरण ठरवून घेतले. त्यामुळे बाइंडर आणि परीक्षार्थी यांचा कधी घोटाळा होत नाही.

घोटाळा होतो तो आपल्या, समीक्षेच्या, व्यवहारात. येथे शब्द ग्रंथांतून आला आणि त्याचे सर्व अर्थ एकदमच आले. ‘कादंबरी हा फॉर्म’ म्हणताना साहित्यप्रकार अभिप्रेत असतो. ‘या कादंबरीचा फॉर्म’ म्हणताना त्या विशिष्ट कृतीची अंतर्गत संघटना. ‘सुनीताचा फॉर्म’ म्हणताना ओळींची व यमकांची ठरीव रचना. रूप, घाट, आकृतिबंध, रूपबंध असे पर्याय आपण घडवले खरे; पण ते या तीन अर्थांत वाटून घेतले नाहीत, तिन्ही अर्थांना आलटून पालटून वापरले.

याचा परिणाम किती दूर जातो, हे मर्ढेकरांच्या संदर्भात दिसते. त्यांनी ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहात अभंगाचा आश्रय घेतला. ‘मर्ढेकरांना फॉर्म महत्त्वाचा वाटे, म्हणूनच त्यांनी अभंग स्वीकारला’, असे विधान एका प्रबंधात प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आले. ते वरवर तर्कशुद्ध वाटते. परंतु त्यातील ‘म्हणूनच’ निराधार आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मधील विचारानुसार फॉर्म म्हणजे संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनी घटकांत सिद्ध होणारी संघटना. आणि साहित्यात हे घटक म्हणजे भावनात्मक अर्थ. अभंग हा छंद आहे. तो कवीपूर्वीच तयार असतो. मर्ढेकरांची संघटना प्रत्येक कृतीत नव्याने घडते. अभंग न वापरताही ती साधेल, आणि वापरूनही हुकेल.

मुठेकाठच्या या पेठेत ‘घाट’ म्हटले की आधी नदीच्या पायऱ्याच आठवाव्यात, हे स्वाभाविक; खंबाटकीचा घाट, भांड्याचा घाट आणि एखाद्या बेताचा घातलेला घाटही आहेतच. तरीही कृतीच्या अंतर्गत संघटनेसाठी ‘घाट’ हाच शब्द मला इष्ट वाटतो, कारण भांड्याचा घाट त्या भांड्यापासून वेगळा काढून दाखवता येत नाही. सुनीत-अभंगांसाठी ‘रचनाबंध’ पुरेसा आहे, आणि कादंबरीसाठी ‘साहित्यप्रकार’ असताना ‘फॉर्म’ची गरजच काय?