किनाऱ्याची सात दिवसांची सफर : तिची आखणी कशी करावी

प्रत्येक सफर दोन वेळां करावयाची असते. प्रथम घरीं बसून नकाशावर व मग प्रत्यक्ष रस्त्यावर. जो पहिली करीत नाहीं, त्याच्या दुसऱ्या सफरीचा पुष्कळसा वेळ वाट विचारण्यांत व एकमेकांवर रागावण्यांत जातो. परदेशांतील कुटुंबें मोटारीनें आठ आठ दिवस समुद्रकांठानें हिंडतात, असें आपण वाचतों. पेण आणि रोहें येथील मुलांस त्यासाठीं परदेशीं जावयास नको. पेणहून निघावें, समुद्राच्या कडेकडेनें हरिहरेश्वर गांठावें आणि माणगांव, कोलाड यांवरून रोह्यास परतावें, म्हणजे अदमासें २५० किलोमीटरांचा एक फेरा पुरा होतो. एका कुटुंबानें या फेऱ्याची आखणी कशी करावी, हें आम्ही येथें सांगणार आहों.

पहिला विचार ऋतूचा. जून ते ऑगस्ट या महिन्यांत समुद्र खवळलेला असतो व जंजिऱ्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. पावसाळ्यांत आपल्या नद्याही एका रात्रींत रूप पालटतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळील सावित्री नदीवरचा जुना पूल पुरांत वाहून गेला आणि एस. टी. च्या दोन गाड्यांसह कांहीं वाहनें नदींत पडलीं. यास्तव नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या सफरीस उत्तम समजावा.

दुसरा विचार भरती-ओहोटीचा, आणि तोच या सफरीचा प्राण आहे. कोळी बांधवांचें एक जुनें गणित आहे. त्या दिवसाच्या तिथीस तीननें गुणावें व चारनें भागावें; जें उत्तर येईल, त्या सुमारास पूर्ण भरती असते. वद्य पक्षांतही तिथी पुन्हां एकपासून धरावी. उदाहरणार्थ, चतुर्थीस चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. भरती दुपारीं तीनच्या सुमारास व पुन्हां उत्तररात्रीं. भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी पुरी होते. म्हणून चतुर्थीची ओहोटी सकाळीं व रात्रीं नऊच्या सुमारास येते. चंद्र रोज सुमारें पाऊण तास उशिरां उगवतो आणि त्याच्यामागें भरतीही तितकीच मागें सरते, हें या गणिताचें कारण. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास चंद्र व सूर्य यांचें आकर्षण एका रेषेंत पडतें. तेव्हां उधाण येतें व ओहोटीचें पाणीही दूरवर जातें. अष्टमीच्या सुमारास तें आकर्षण काटकोनांत पडतें. मग भरती थोडी व ओहोटीही थोडी. त्यास भांग म्हणतात. हें गणित अंदाजापुरतें आहे; निघण्यापूर्वीं छापील कोष्टक पाहावें व स्थानिक कोळ्यांस विचारावें.

आतां हें गणित कामास लावूं. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रांत आहे. पूर्ण ओहोटीस तेथें पायीं जातां येतें. फ्रान्समधील मों सां मिशेल या बेटासही मोठ्या भरतीच्या वेळीं असाच पाण्याचा वेढा पडतो. अष्टमीस ओहोटी दुपारीं बाराच्या सुमारास असते खरी, परंतु भांगामुळें वाटेंत पाणी राहण्याचा संभव फार. पौर्णिमेस पाणी दूर जातें, पण तें पहांटे व सायंकाळीं. चतुर्थीस मात्र उधाणाचा जोर बराच शिल्लक असतो आणि ओहोटी सकाळीं नऊला मिळते. म्हणून सफरीचा आरंभ चतुर्थीस करावा, असें आमचें मत आहे.

पहिला दिवस. सकाळीं सातला पेण सोडावें. वडखळहून अलिबागचा फांटा घ्यावा. एकंदर अंतर ३० किलोमीटरांच्या आसपास आहे. प्रथम किल्ला पाहावा. याचें बांधकाम शिवछत्रपतींच्या हयातीच्या अखेरीस, १६८० सालीं सुरू झालें. पुढें आंग्र्यांच्या आरमाराचें हें मुख्य ठाणें झालें. आपल्या जिल्ह्याचें १९८१ पूर्वींचें कुलाबा हें नांव याच किल्ल्यावरून पडलें. दुपारीं कान्होजी आंग्रे यांची समाधी पाहावी. येथील चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून काम करीत आहे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, तेव्हां त्यांच्या प्रवाहानें चुंबकीय मोजमाप बिघडेल, म्हणून ती कुलाब्याहून येथें हलविण्यांत आली.

दुसरा दिवस चौल, रेवदंडा व कोर्लई यांस द्यावा. चौल हें प्राचीन बंदर. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकांत येथेंच उतरला होता. रेवदंड्याचा कोट पोर्तुगीजांचा. तेथें कुंडलिका नदी समुद्रास मिळते, व पूल ओलांडून आपण साळाववरून कोर्लईस जातों. कोर्लई गांवांतील ख्रिस्ती कुटुंबें घरीं जी भाषा बोलतात, ती पोर्तुगीज व मराठी यांच्या सहवासांतून जन्मली आहे. १७४० सालीं पोर्तुगीज सत्ता येथून गेली, परंतु भाषा राहिली. मुलांनीं तेथें चार शब्द ऐकून टिपून घ्यावेत.

तिसऱ्या दिवशीं काशीद व नांदगांव यांवरून मुरूड गांठावें. चौथा दिवस जंजिऱ्यासाठीं राखावा. राजपुरीहून शिडाच्या होडीनें किल्ल्यावर जातात. तट अगदीं जवळ येईपर्यंत दरवाजा दृष्टीस पडत नाहीं. शिवाजी व संभाजी या दोघांही छत्रपतींस हा किल्ला घेतां आला नाहीं, आणि सिद्दींचें संस्थान १९४८ पर्यंत टिकलें, याचें अर्धें उत्तर त्या दरवाजांतच मिळतें.

पांचव्या दिवशीं आगरदांड्यास मोटारीसह फेरीबोटींत बसून दिघीस उतरावें. या बोटीस लोक जंगलजेटी म्हणतात. तिच्या वेळा आदल्या दिवशींच विचारून ठेवाव्या. पुढें दिवेआगर. तेथें सुपारीच्या वाडींत १९९७ सालीं गणपतीचा सुवर्णमुखवटा सांपडला; २०१२ सालीं तो चोरीस गेला, आणि २०२१ सालीं पुन्हां स्थापन झाला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानें या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. नवें झाड फळावर येण्यास वर्षानुवर्षें लागतात. यास्तव मुक्काम शक्य तों गांवकऱ्यांच्या घरगुती निवासांत करावा. आपला पैसा त्या वाडीच्या मुळाशींच पडतो.

सहाव्या दिवशीं पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचें श्रीवर्धन पाहून हरिहरेश्वरास जावें. येथील प्रदक्षिणेचा मार्ग समुद्रालगतच्या खडकांवरून आहे. भरतीच्या वेळीं तो घातक होतो. त्या दिवशीं नवमी येते. नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार, म्हणजे पावणेसात. ओहोटी दुपारीं एकच्या सुमारास. तेव्हांच, आणि वाट मोकळी आहे याची खात्री करूनच, प्रदक्षिणा करावी.

सातव्या दिवशीं म्हसळें, माणगांव, इंदापूर, कोलाड या वाटेनें रोह्यास यावें. वेळ असल्यास इंदापूरहून तळ्याकडे वळून कुडें येथील २६ बौद्ध लेणीं पाहावींत. रेवदंड्यास जी नदी समुद्रांत विलीन होतांना पाहिली, तीच रोह्यास पुन्हां भेटते.

पालकांस दोन शब्द. अडीचशें किलोमीटरांस सात दिवस कशाला, असें कोणी विचारील. वयस्क माणसांस कंबर असते व लहान मुलांस भूक लागते, हें त्याचें उत्तर. दिवसाकाठीं दोन तासांहून अधिक मोटार हांकूं नये व अंधार पडण्यापूर्वीं मुक्काम गांठावा. निघण्यापूर्वीं ब्रेक, चाकांतील हवा, स्टेपनी, जॅक व पाना तपासावा. लायसन व विम्याचे कागद एका पिशवींत ठेवावेत. मोटार वाळूवर मुळींच नेऊं नये. ओहोटीची ओली वाळू टणक भासते, परंतु पाणी परतूं लागतांच ती चाक गिळते.

सर्वांत महत्त्वाची सूचना शेवटीं. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं पुण्याच्या एका महाविद्यालयांतून मुरूडला सहलीस आलेले १४ विद्यार्थी समुद्रांत बुडाले. तीं आपल्यासारखींच हौशी मुलें होतीं. म्हणून जेथें गांवचे लोक पाण्यांत उतरत नाहींत तेथें उतरूं नये. गुडघाभर पाण्यापुढें जाऊं नये. आणि पाण्यांत किती जण गेले व किती परतले, हें मोजण्याचें काम घरांतील एका मोठ्या माणसानें आपल्याकडे घ्यावें.

विद्यार्थ्यांनीं आखणींत वाटा उचलावा. एकानें नकाशा काढावा, दुसऱ्यानें पंचांगावरून सातही दिवसांच्या भरतीचें कोष्टक करावें, तिसऱ्यानें खर्चाची वही ठेवावी. शाळेंतील भूगोल, गणित व इतिहास हे विषय तेव्हां एकाच वहींत बसतात. आमचा असा विश्वास आहे कीं, ज्या मुलानें स्वतः कोष्टक मांडलें, तो खडकावर उभा असतां घड्याळ पाहील, आणि वेळ होतांच धाकट्या भावंडांचा हात धरून माघारीं फिरेल.