प्रकार ठरवायचा कोणी?

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत जावाची बिल्ड टूल्स कुठून आली, असं काहींना वाटेल. पण एखादी वस्तू कोणत्या प्रकारची हे ठरवायचं कोणी, देणाऱ्यानं की मागणाऱ्यानं, हा आपला जुनाच प्रश्न. इथे त्यावर लोकांचं काम अडतं, एवढाच फरक.

जावात आपण दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्ररी वापरतो आणि मेव्हन हे टूल त्या आणून देतं. लायब्ररीसोबत पॉम नावाची फाइल असते. तिच्यात लेखक 'पॅकेजिंग' सांगतो: जार, वॉर, बंडल वगैरे. ही देणाऱ्याची बाजू. आपण ती डिपेन्डन्सी म्हणून मागतो तेव्हा 'टाइप' सांगतो. ही मागणाऱ्याची. काहीच लिहिलं नाही, तर दोन्हीकडे जार धरलं जातं.

आता हे दोन शब्द एकच, असं आपण समजून चालतो. तसं नाही. बंडल पॅकेजिंगची लायब्ररी रिपॉझिटरीत असते ती डॉट जार फाइल म्हणूनच. म्हणजे बंडल हे घडवण्याच्या रीतीचं नाव झालं, फाइलचं नव्हे. पॉम वाचून आपणही इमानेइतबारे टाइप बंडल लिहिला, तर ज्या मेव्हनला हा शब्द कुठल्या प्लगइननं शिकवलेला नाही, ते डॉट बंडल नावाची फाइल शोधतं. ती नसतेच.

जॅक्स-आरएस एपीआयच्या २.१ आवृत्तीचं उदाहरण तर नमुनेदार आहे. तिच्या पॉममध्ये पॅकेजिंगच्या जागी प्रकार नव्हताच. नंतर भरायची रिकामी जागा होती, डॉलरचं चिन्ह आणि महिरपी कंसासकट. मेव्हनवाल्यांचं काही बिघडलं नाही, कारण मेव्हन फाइल शोधताना मागणाऱ्याचा टाइप बघतं. पण स्कालाचं एसबीटी तेव्हा आयव्हीच्या आधारानं चाले, आणि आयव्ही देणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवतं. ते बिचारं डॉलर आणि कंस असलेल्या नावाची फाइलच आणायला निघालं! आपल्या बिल्डमध्ये 'हे जार आहे' असं स्पष्ट लिहिल्यावर लोकांची सुटका झाली.

एक्लिप्ससारख्या आयडीईत घोटाळा उलटा. शेजारचा प्रोजेक्ट उघडा असेल तर एक्लिप्स जार मागतच नाही, थेट त्याच्या फोल्डरमधले क्लास बघतं. जुन्या एक्लिप्समध्ये त्यात टेस्टचे क्लासही दिसत. आपण 'टेस्ट-जार' हा टाइप लिहायला विसरलो तरी सगळं हिरवंगार. कमांड लाइनवर मात्र क्लास सापडत नाही. नैयायिक प्रत्यक्षाला पहिलं प्रमाण मानतात खरं, पण इथे जे दिसतं ते पाठवायचं पुडकं नसतं.

म्हणून दोघांत मतभेद झाला की आधी कमांड लाइनचं ऐकावं. मग रिपॉझिटरीत त्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये जाऊन फाइलचं नाव काय आहे ते स्वतः वाचावं, आणि त्यानंतरच टाइपला हात लावावा.